कार्टूनमधली आई हसण्यासाठीच का?

आमची मुले शाळेतून येतात आणि ताट घेऊन कार्टूनसमोर बसतात. हा पोरखेळ, असे म्हणून आम्ही तिकडे लक्ष देत नाही. पण बाईकडे कसे पाहावे, याचे पहिले धडे मुले तिथेच गिरवतात.

'शिनचॅन' ही जपानी मालिका २००६ मध्ये हंगामा वाहिनीवर आली. त्यातली आई मित्सी. तिचे वजन, तिचे वय, तिची खरेदी, सारे हसण्याचे विषय. नवरा परक्या बायकांकडे टक लावून पाहतो, तो विनोद. पोरगा तेच करतो, तोही विनोद. मित्सी चिडली तर तिसरा विनोद! २००८ मध्ये केंद्र सरकारने मालिकेवर बंदी घातली. पुढे काटछाट होऊन ती परतली. ओरड झाली ती मुले बिघडतील म्हणून. आईची टवाळी कुणाला खुपली?

'डोरेमॉन'मधली नोबिताची आई रागावते आणि स्वयंपाक करते. तिचे नाव तमाको आहे, हे किती मुलांना ठाऊक आहे? अमेरिकेच्या 'सिम्पसन्स'मधली मार्ज तीन लेकरांची आई. तिला निदान नवऱ्याची ओढ वाटते आणि ती लपवली जात नाही. आमच्याकडे आईला शरीर असते ते राबण्यापुरते. ती देवी, नाहीतर हास्यास्पद. माणूस मात्र नाही. ही शिकवण जपानहून आलेली नाही. ती मनूची आहे, म्हणूनच असले विनोद आमच्या घरात सहज खपतात.

बाबासाहेबांनी ही चौकट कधीच नाकारली होती. १० नोव्हेंबर १९३८ रोजी त्यांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा प्रश्न मांडला. सभागृहाने तो फेटाळला. २० जुलै १९४२ रोजी याच नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिला परिषद भरली. घटस्फोटाचा हक्क मागणारा, बहुपत्नीत्वाला विरोध करणारा आवाज तिथे उठला. पत्नीने दासी नव्हे, नवऱ्याची बरोबरीची मैत्रीण व्हावे, असे बाबासाहेबांनी हजारो स्त्रियांना सांगितले. मूल कधी आणि किती, हा बाईच्या देहाचा प्रश्न आहे, हे आमच्या चळवळीने तेव्हाच ओळखले होते.

म्हणून आम्ही बंदी मागत नाही. बंदीने विनोद जातो, नजर जात नाही. मुलाशेजारी बसावे आणि विचारावे, यात हसण्यासारखे काय आहे? चार घरची धुणीभांडी करून परतलेल्या आईला तिचाच मुलगा मित्सी म्हणून चिडवत असेल, तर दीक्षाभूमीच्या शहरात आम्ही नेमके काय बदलले?