काठ टिकतो, मध्य विरतो

सांगलीच्या कापड पेठेत नवं कापड मिळतं. जुन्याचा बाजार मात्र दारातच भरतो. बोहारीण पायरीवर बसते, साड्या एकेक उलगडून उजेडात धरते, विरलेल्या जागेवर बोट ठेवून नाक मुरडते आणि चार साड्यांवर एक स्टीलचा डबा पुढे करते. तिची पारख पक्की असते. हल्ली तिला घरातूनच स्पर्धक उभे राहिलेत. आजीची ट्रंक उघडायची, त्यातली इरकली, चादरी, क्रोशाचे रुमाल बाहेर काढायचे आणि त्यांतून पडदे, अभ्रे, पलंगपोस बेतायचे, अशी हौस घरोघरी दिसते. ज्यांच्याकडे ट्रंक नाही ते दुसऱ्याच्या ट्रंकेतलं विकत घेतात. हौसेला माझी ना नाही. फक्त कात्री लावण्याआधी बोहारणीसारखं कापड उजेडात धरावं, कारण जुनं कापड सगळीकडे सारखं जुनं होत नाही.

आपल्याकडच्या ट्रंकांत निघतं काय? बागलकोट जिल्ह्यातून आलेलं इरकल आणि गुळेदगुड्डचे खण. इचलकरंजीची लुगडी, तिथे १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि जहागीरदार नारायणराव घोरपड्यांनी त्या धंद्याला पाठबळ दिलं. खुद्द सांगलीतल्या वेलणकरांच्या गजानन मिलची लुगडी, विट्याच्या मागांवरचं कापड, सोलापूरची जेकार्ड चादर. माण, खटाव, आटपाडीकडचं चिंचोक्याची खळ दिलेलं घोंगडंही असतं, पण त्याच्या वाटेला कात्री घेऊन जाऊच नये. जमिनीवर अंथरावं, झालं.

नऊवारी लुगडं साधारण सव्वाआठ मीटरचं. नेसल्यावर सगळा ताण येतो तो कासोट्यावर आणि बसण्याच्या जागी, आणि तिथेच ते आधी विरतं. काठाची वीण दाट, त्यामुळे काठ शेवटपर्यंत तग धरतो. पूर्वी लुगडं असं मध्येच जीर्ण झालं की बायका तेवढा पट्टा आडवा कापून काढत आणि उरलेले दोन तुकडे जोडून दंड घालत. दंडाचं लुगडं चारचौघांत नेसायची लाज वाटे, पण शेतात आणि चुलीपुढे ते आणखी दोन-तीन वर्षं सहज निघे. ही काही आपलीच अक्कल नव्हे. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडात जून १९४१पासून कपड्यांवर रेशन आलं आणि १९४३ साली तिथल्या सरकारनेच ‘मेक डू अँड मेंड’ नावाची पुस्तिका काढली. तिकडच्या बायका मध्ये विरलेली चादर उभी कापत, धडक्या कडा मधोमध आणून जोडत आणि विरलेला भाग गादीखाली खोचत.

आजच्या पलंगांना हेच शहाणपण लागतं. सोलापुरी चादर साधारण पाच फूट रुंद, आणि पलंग सहा फुटांचा. मग बायका दोन चादरी मधोमध जोडतात आणि ती जाड शिवण रात्रभर पाठीला टोचते. त्यापेक्षा चादर अखंड मध्ये ठेवावी आणि दोन्ही बाजूंना जुन्या लुगड्याचे दीड-दीड फुटी पट्टे काठासकट लावावेत. जोड कडेला जातो, काठ खाली लोंबतो, आणि पाहुणे विचारतात की कुठून आणलं. दोन्ही कापडं आधी धुऊन, आटवून घ्यावीत. नाहीतर पहिल्याच धुण्यात एक ओढतं आणि दुसऱ्याला चुण्या पडतात.

जे काठाला नाही, जोडालाही नाही, ते जातं वाकळेत. वरखाली लुगड्याचं अंग, पोटात जुनी धोतरं, पंचे, सदऱ्यांच्या पाठी. अंगणात पसरून चारी बाजूंना बायका बसतात आणि कडेकडून धावदोरा घालत मधोमध येतात. विरलेलं कापड इथे गुणाचं ठरतं, कारण ते मऊ असतं आणि सुई चटकन घेतं. पोटात कापूस नसल्याने वाकळ नदीवर बडवून धुता येते. रजईला हे सोसत नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यातले सिद्दी, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले, तेही अशाच ‘कवंदी’ शिवतात. तीही कडेकडून आत भरत येते आणि तिच्या कोपऱ्यांवर घडीचं त्रिकोणी ‘फूल’ नसेल तर ती अपुरी मानतात. बंगालच्या कांथ्याला तर दोराही जुन्या साडीच्या काठातून उसवून काढत. आता शहरी दुकानांत वाकळेची नक्कल मिळते: नव्या कापडाचे छापील चौकोन, पोटात पॉलिएस्टर. ती उबदार असेल, पण थोड्याच धुण्यांत तिच्या पोटातल्या भरणाचे गोळे होतात.

इरकलीचे अभ्रे करणाऱ्यांना एक सांगायला हवं. इरकलीचं अंग बहुधा सुती आणि पदर रेशमी, आणि दोन्हींचे ताणे मागावरच एकमेकांत अडकवून जोडलेले असतात. त्याला टोपतेनी म्हणतात. हा जोड मधोमध घेऊन उशी बेतली की दिसते छान, पण रोज टेकण्याने तोच आधी सुटतो. पदर वापरायचाच तर मागे मांजरपाटाचं अस्तर लावून भिंतीवर टांगावा. पडद्यांनाही अस्तर हवंच, कारण पश्चिमेच्या खिडकीत सुती कापड दोन उन्हाळ्यांत कुजतं. धड, नेसण्याजोगं हातमागाचं लुगडं फाडून सहा उशा करणं मला उधळपट्टीच वाटते. ते नेसावं, नाहीतर नेसणारीला द्यावं.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली तेव्हा गावभागातल्या कित्येक ट्रंका पाण्यात राहिल्या. गाळाचे डाग ओले असताना चोळले की आत मुरतात. गाळ वाळू द्यावा, झटकावा, मग गार पाण्यात रात्रभर भिजवून रिठ्याच्या पाण्यात हलके खळबळावं. जुन्या सुताला ब्लीचिंग पावडर लावली की पांढरेपणा येतो आणि ताकद जाते. ठेवणीतल्या कापडाला खळ देऊ नये, तिच्यावरच कसर येते. घडीही अधूनमधून बदलावी. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं कापड बरोबर त्या रेषेवर चिरतं.

राहिला शालू. अंग फुटलेलं, जर मात्र झळझळीत. दारावर जुनी जर घेणारा येतो, तो जाळून चांदी काढतो. एक धागा उसवून जाळून बघावा: प्लास्टिकची जर वितळून काळा गोळा होते, खरी असेल तर धातूची तार मागे उरते. तरी शंका राहिलीच तर विट्याकडच्या एखाद्या गलाईवाल्याला दाखवावं. खानापूर, आटपाडी, तासगावची ही माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पसरली आहेत. हाती येणारी रक्कम बहुधा थोडकीच असते. त्यापेक्षा काठ उतरवून नव्या सुती कापडावर चढवावा. टेबलाचा पट्टा होतो, चौरंगाचं आसन होतं. काठ कापताना अंगाचं निदान एक इंच कापड सोबत ठेवावं, शिवणीला धरायला तेवढं लागतं.