शालेय ग्रंथालय : गोंधळलेल्या मुलाला सोबत

शालेय ‘प्रकल्प’ हा शब्द आता घरोघरी परिचित झाला आहे. विषय मिळताच आंतरजालावरून मजकूर उतरवला जातो, चार चित्रे चिकटवली जातात आणि सुबक वेष्टनातील वही शाळेत पोहोचते. (वेष्टन बहुधा आईचे असते!) या साऱ्यात शोध कोठेच नसतो, कारण मुळात प्रश्नच विचारलेला नसतो.

जिज्ञासेवर आधारित अध्ययन प्रश्नापासून सुरू होते. त्यात शालेय ग्रंथालयाचे स्थान काय, याचा मूलगामी विचार अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाच्या कॅरॉल कुलथाऊ यांनी केला. विद्यार्थी माहिती कशी शोधतात, याचा मागोवा त्यांनी १९८०च्या दशकात घेतला. त्यांना असे आढळले, की विषय ठरल्यावर मुलांना हुरूप येतो. पण वाचन सुरू होताच तो ओसरतो. माहिती वाढते, एक पुस्तक दुसऱ्याशी जुळत नाही आणि आपलेच काही चुकते आहे, असे मुलाला वाटू लागते. वस्तुतः हा संभ्रम शोधाचाच एक टप्पा होय. त्यातून स्वतःचा नेमका मुद्दा गवसला, की आत्मविश्वास परततो. या मधल्या टप्प्यावर मूल बहुधा एकटे असते. शिक्षकांची भेट होते ती थेट वही तपासताना. तेथे ग्रंथपालाने शिक्षकांच्या जोडीने उभे राहावे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार.

‘पाणी’ हा आपल्याकडील नेहमीचा विषय घ्या. त्याऐवजी ‘आपल्या भागातील विहिरी कोठे गेल्या?’ असा प्रश्न ठेवला, तर मुलांना जिल्हा गॅझेटियर, जुने नकाशे, मराठी विश्वकोश आणि शेजारचे आजोबा, असे सगळेच लागतील. आजोबांची आठवण व नकाशा यांत विसंगती निघाली, तर विश्वास कोणावर ठेवायचा? खरे शिक्षण येथे घडते. संगणकाचे तयार, गुळगुळीत उत्तर ही विसंगतीच झाकून टाकते.

मात्र त्यासाठी कपाटे उघडी हवीत. पुस्तके उपयोगासाठी आहेत, हा रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेला ग्रंथालयशास्त्राचा पहिला नियम. परंतु हरवलेल्या पुस्तकाचा जाब ज्याला द्यावा लागतो, तो ग्रंथपाल कुलूपच पसंत करणार. गुणांकनाची रीतही बदलावी लागेल. अंतिम वहीसोबत प्रश्न कसा बदलत गेला, कोठे अडला, याचे टिपणही तपासले जावे. ते आंतरजालावरून उतरवणे अवघडच.