कुणाशी बोलताय? आधी पॅनेल पाहा!

बारामती, गोंदियाच्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांत शिकणाऱ्या प्रत्येकाला विमानातलं ऑडिओ पॅनेल अंगवळणी पडावंच लागतं.

• कॉम १, कॉम २ : कोणत्या रेडिओवरून बोलायचं, ते पॅनेलवरचं माइकनिवडीचं बटण ठरवतं. दुसरा रेडिओ त्याच वेळी नुसता ऐकता येतो.
• इंटरकॉम : प्रशिक्षक आणि विद्यार्थ्याचं आपसातलं बोलणं. पीटीटी (पुश-टू-टॉक) बटण दाबलं, तरच आवाज रेडिओवर जातो.
• स्क्वेल्च : इंजिनाची घरघर रोखतो. फार वाढवला, तर बोलण्याची पहिली अक्षरं गळतात.
• आयसोलेट : वैमानिकाला प्रवाशांच्या गप्पांपासून वेगळं ठेवतो.
• पॅनेलमध्ये बिघाड झाल्यास : बहुतेक पॅनेलांत वैमानिकाचा हेडसेट थेट एका रेडिओला जोडला जातो.
• १२१.५ मेगाहर्ट्झ : आणीबाणीची जागतिक वारंवारता. ही पाठच हवी.