फेनवे पार्कचे जतन

फेनवे पार्क हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॉस्टन शहरात असलेले बेसबॉलचे मैदान आहे. २० एप्रिल, १९१२ रोजी येथे पहिला अधिकृत सामना खेळला गेला. मेजर लीग बेसबॉलमध्ये सध्या वापरात असलेल्या मैदानांत हे सर्वांत जुने असून बॉस्टन रेड सॉक्स या संघाचे ते घरचे मैदान आहे. १९९९ साली संघाच्या तत्कालीन व्यवस्थापनाने त्याऐवजी नवे मैदान बांधण्याची योजना जाहीर केली होती. नागरिकांचा विरोध, आर्थिक अडचणी आणि मालकीतील बदल यांमुळे ती बारगळली व मैदानाचे टप्प्याटप्प्याने नूतनीकरण करण्यात आले.

रचना आणि वैशिष्ट्ये

मैदानासाठी मिळालेली जागा आधीच अस्तित्वात असलेल्या रस्त्यांच्या मध्ये अडकलेली होती. त्यामुळे मैदानाचा आकार अनियमित झाला आणि त्यातूनच त्याची ओळख घडली. डाव्या बाजूला लॅन्सडाउन स्ट्रीट अगदी जवळ असल्याने तेथे उंच भिंत उभारावी लागली. सुमारे ३७ फूट (११.३ मीटर) उंचीची ही भिंत १९४७ साली हिरव्या रंगाने रंगवण्यात आली आणि पुढे ‘ग्रीन मॉन्स्टर’ या नावाने प्रसिद्ध झाली. इतर मैदानांवर सहज झेलला जाणारा उंच चेंडू येथे भिंतीवर आदळतो, तर जोरकस सरळ फटका होम रन न होता भिंतीला लागून परत येतो. भिंतीच्या पायथ्याशी असलेला गुणफलक आजही हाताने बदलला जातो. उजव्या बाजूच्या प्रेक्षकांत एकच आसन लाल रंगाचे आहे. ९ जून, १९४६ रोजी टेड विल्यम्स यांनी मारलेला ५०२ फुटांचा होम रन जेथे पडला, ती जागा हे आसन दाखवते.

जानेवारी १९३४ मध्ये येथे मोठी आग लागली. टॉम यॉकी यांनी आदल्या वर्षी संघ विकत घेऊन मैदानाची पुनर्बांधणी सुरू केली होती. ती त्याच वर्षी पूर्ण झाली. मैदानाचे आजचे रूप बऱ्याच अंशी त्या कामातून आलेले आहे.

पाडण्याची योजना

मे १९९९ मध्ये संघाचे प्रमुख जॉन हॅरिंग्टन यांनी शेजारच्या जागेवर सुमारे ४४,००० प्रेक्षकांचे नवे मैदान बांधण्याचा प्रस्ताव मांडला. जुन्या मैदानाचा बहुतांश भाग पाडून ग्रीन मॉन्स्टर व खेळपट्टीचा काही भाग स्मारक म्हणून ठेवला जाणार होता. या मागणीमागची कारणे निराधार नव्हती. जुन्या मैदानाची आसनक्षमता कमी होती, आसने अरुंद होती, छताच्या खांबांमुळे काही प्रेक्षकांना खेळ नीट दिसत नव्हता आणि जादा दराची आसने फारशी नसल्याने उत्पन्नाला मर्यादा होती. २००० साली राज्याच्या विधिमंडळाने सुमारे ३१ कोटी डॉलरच्या सार्वजनिक निधीचा आराखडा मंजूर केला. शहराचे महापौर टॉमस मेनिनो यांचाही योजनेला पाठिंबा होता.

विरोध

मैदान वाचवण्यासाठी ‘सेव्ह फेनवे पार्क’ या नावाने नागरिकांचा गट स्थापन झाला होता. त्याचा युक्तिवाद केवळ भावनिक नव्हता. खासगी संघाच्या मैदानासाठी करदात्यांचा पैसा का वापरावा, परिसरातील जमिनी सक्तीने का संपादित कराव्यात आणि वस्तीवर वाढत्या वाहतुकीचा भार का टाकावा, असे प्रश्न त्याने उपस्थित केले. २००० साली वास्तुकार व नगररचनाकार यांना एकत्र आणून, आहे त्याच जागी मैदानाचा विस्तार व दुरुस्ती शक्य असल्याचे आराखड्यांद्वारे दाखवण्यात आले.

मालकीतील बदल व नूतनीकरण

भूसंपादन आणि निधी यांवर योजना अडून राहिली. २००२ च्या आरंभी जॉन हेन्री, टॉम वर्नर व लॅरी लुकिनो यांच्या गटाने संघ विकत घेतला. बॉल्टिमोरच्या कॅम्डन यार्ड्स मैदानाच्या कामाचा अनुभव असलेल्या वास्तुकार जॅनेट मेरी स्मिथ यांच्याकडे सुधारणांची सूत्रे देण्यात आली. २००३ साली ग्रीन मॉन्स्टरच्या माथ्यावर आणि पुढील वर्षी उजव्या बाजूच्या छतावर आसने बसवण्यात आली. काम बहुतांशी दोन हंगामांमधील हिवाळ्यात केले जात असल्याने संघाला दुसरीकडे खेळावे लागले नाही. मार्च २००५ मध्ये संघाने फेनवे पार्क न सोडण्याचा निर्णय जाहीर केला. सुमारे दहा वर्षांत या कामावर २८ कोटी डॉलरहून अधिक खर्च झाला.

कायदेशीर संरक्षण

७ मार्च, २०१२ रोजी फेनवे पार्कचा समावेश अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाला. या नोंदीमुळे वास्तू पाडण्यास आपोआप बंदी येत नाही. खासगी मालक स्वतःच्या पैशाने ती पाडू शकतो. मात्र उत्पन्न देणाऱ्या ऐतिहासिक वास्तूची दुरुस्ती ठरलेल्या मानकांनुसार केल्यास पात्र खर्चाच्या २० टक्के इतकी संघीय करसवलत मिळू शकते. त्यामुळे जतन करणे मालकाला आर्थिकदृष्ट्याही परवडते.

डेट्रॉइटचे टायगर स्टेडियम या संदर्भात उद्‌बोधक ठरते. तेही २० एप्रिल, १९१२ रोजीच सुरू झाले होते. १९८९ साली त्याची राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली आणि चाहत्यांनी ते वाचवण्यासाठी दीर्घ लढा दिला. तरीही १९९९ साली संघ तेथून हलला आणि २००८–०९ मध्ये मैदान पाडण्यात आले. नियमित वापर थांबल्यावर केवळ नोंद वास्तूला तारू शकली नाही.

परिणाम

मे २००३ ते एप्रिल २०१३ या काळात फेनवे पार्कवरील नियमित हंगामातील सलग ७९४ सामन्यांची तिकिटे संपल्याचे संघाने नोंदवले. २००४ साली रेड सॉक्सने ८६ वर्षांनंतर वर्ल्ड सिरीज जिंकली. २०१३ चे विजेतेपद संघाने याच मैदानावर निश्चित केले. १९१८ नंतर घरच्या मैदानावर असे प्रथमच घडले. जतनाची किंमतही मोजावी लागली. तिकिटांचे दर लीगमधील सर्वांत महाग दरांत गणले गेले, आणि खांबांमागची व अरुंद आसने आजही शिल्लक आहेत.