जुन्या मारुती ८०० च्या स्टिअरिंगचा अडचणीतला बोल्ट

तलवाड्यात मित्राच्या मारुती ८०० चं स्टिअरिंग उघडलं. ही गाडी १९८३ ते २०१४ बनली. गावोगावी अजून धावते.

स्टिअरिंगचा दांडा रॅकला जोडणारा क्लॅम्पचा बोल्ट खाली अडचणीत असतो. हात पोचतो, पाना फिरत नाही.

आधी तारेच्या ब्रशने गंज झाडा, गंज सोडवणारं तेल मारून मुरू द्या. चाकं सरळ ठेवून जोडावर रंगाची खूण करा.

मग लांब एक्स्टेन्शन, युनिव्हर्सल जॉइंट आणि सहाकोनी सॉकेट लावा. बाराकोनी सॉकेटने गंजलेले कोपरे झिजतात.

बोल्ट पूर्ण बाहेर काढा. तो शाफ्टच्या खाचेत बसतो, नुसता ढिला करून जोड सुटत नाही.

बसवताना खूण जुळवा, बोल्ट नीट आवळा. इथे जिवाशी गाठ आहे.

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.