क्यू-ताप : नकळत होऊन गेलेला रोग

गावात किती माणसे आजारी पडली हे दवाखान्याच्या नोंदवहीवरून समजते. परंतु किती जणांना रोग होऊन गेला आणि त्यांना त्याचा पत्ताही लागला नाही, हे त्यांच्या रक्तालाच विचारावे लागते. क्यू-ताप हा असाच एक रोग होय. आपल्या भोपाळात वस्तीतही गाई-म्हशींचे गोठे व दारात बांधलेल्या बकऱ्या दिसतात. म्हणून सभासद-कुटुंबांनी त्याची ओळख करून घेणे अगत्याचे आहे, असे आम्हांस वाटते.

१९३५ साली ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेनच्या कत्तलखान्यातील कामगारांत एक अनोळखी ताप आढळला. डॉ. डेरिक यांनी १९३७ मध्ये त्याचे वर्णन केले आणि कारण उमगेना म्हणून त्यास 'क्यू', म्हणजे 'क्वेरी' अर्थात प्रश्न, असे नाव दिले. पुढे त्याचा जंतू सापडला. तो कॉक्सिएला बर्नेटी. जनावर व्याल्यावर किंवा गाभडल्यावर पडणारी वार व पाणी यांत तो अतोनात असतो. ते वाळून धुळीत मिसळते व श्वासावाटे माणसाच्या शरीरात शिरते.

लागण झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना काहीच त्रास होत नाही. इतरांना ताप, डोकेदुखी, क्वचित न्यूमोनिया होतो. हा ताप साध्या तापासारखाच दिसत असल्याने निदान राहून जाते. मात्र रक्तात प्रतिद्रव्ये तयार होतात व ती पुष्कळदा वर्षानुवर्षे टिकतात. भारतात काल्रा व तनेजा यांनी अशीच रक्ततपासणीची पाहणी १९५४ साली प्रसिद्ध केली. अमेरिकेत २००३-०४ च्या पाहणीत प्रौढांपैकी शेकडा ३.१ जणांत या खुणा मिळाल्या. हॉलंडमध्ये २००७ ते २०१० या काळात सुमारे ४,००० रुग्णांची नोंद झाली. लागण मात्र ४०,००० हून अधिकांना झाली असावी, असा अंदाज आहे. नोंद आणि वस्तुस्थिती यांत असे अंतर असते.

प्रतिद्रव्ये आढळली म्हणजे आज रोग आहे असे नव्हे. तो केव्हा झाला हे एका तपासणीवरून ठरत नाही. काही आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन प्रमाण वाढले काय ते पाहावे लागते. परंतु हृदयाच्या झडपांचा विकार असलेल्यांनी व गर्भवती भगिनींनी याकडे दुर्लक्ष करू नये. त्यांच्या बाबतीत रोग गंभीर होऊ शकतो. वेळीच ओळखल्यास औषधाने तो बरा होतो.

तेव्हा इतके पाळावे : बकरी किंवा गाय विताना गर्भवती स्त्रियांनी दूर राहावे, वार उघड्यावर न टाकता खोल पुरावी, हात साबणाने धुवावेत, दूध उकळूनच प्यावे. आणि घरात कोणास ताप आला, तर जनावरांशी आलेला संबंध डॉक्टरांना आपण होऊन सांगावा. पुष्कळदा निदानाची वाट त्या एका वाक्यानेच मोकळी होते.