धान तेच, देश दोन

आपल्या भागातल्या जुन्या धान उत्पादकांना जपानचे नाव ठाऊक आहे. १९५३ मध्ये देशभर ‘जपानी पद्धतीची भातशेती’ ही मोहीम निघाली. गादीवाफ्यावर पऱ्हे, ओळीत रोवणी, भरपूर खत आणि वेळेवर निंदण, एवढेच तिचे सार. पद्धत आली, पण त्या देशाचे राहणीमान तिच्याबरोबर आले नाही. ते तिथे कसे आले, हे समजून घेण्यासारखे आहे.

महायुद्धाने जपान पार खचला होता. १९४७ मध्ये तिथल्या पुरुषाचे सरासरी आयुष्य ५० वर्षांचे होते. आज ते ८१ आहे आणि बाईचे ८७. आपल्या देशात हाच आकडा सुमारे ७० आहे. ही काही जादू नव्हे. १९४६ च्या कायद्याने कुळे जमिनीची मालक झाली. १९५४ मध्ये शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला. १९६१ पासून प्रत्येकाला आरोग्य विमा मिळाला. त्या काळी तिथली शेतीही सरासरी हेक्टरभरच होती. पण घरची माणसे जवळच्या कारखान्यांत जाऊ लागली आणि पगाराचा आधार झाला. पुढे रोवणीची यंत्रे आली, बायकांची कंबर सुटली. सिंदेवाहीच्या बांध्यांत मात्र अजूनही बहुतेक रोवणी चिखलात वाकलेल्या बायकाच करतात.

मग जपानी शेतकरी सुखी म्हणायचा का? नाण्याची दुसरी बाजूही पाहू. तिथल्या शेतकऱ्याचे सरासरी वय आता सत्तरीला टेकले आहे. तरुण शहरात गेले, ते परतले नाहीत. धानासाठी प्रसिद्ध असलेल्या आकिता प्रांतात दर १०० माणसांत सुमारे ३९ जण ६५ वर्षांपुढचे आहेत. घरे बंद, शेते पडीक. अंगणातल्या ‘काकी’ या झाडाची फळे तोडायलाही कोणी नाही. हे झाड आपल्या तेंदूच्याच कुळातले. ती फळे खायला अस्वले गावात शिरतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अस्वलांच्या बंदोबस्ताला मदत म्हणून आकितात सैन्य पाठवावे लागले.

आपल्याकडे उलटे आहे. माणसे आहेत, पण पोटासाठी जंगलात जावे लागते. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायकांना वाघाने मारले. तिथे माणूस उरला नाही म्हणून जनावर दारात आले. इथे हाताला दुसरे काम नाही म्हणून माणूस जनावराच्या दारात जातो.

तेव्हा जपानकडून घ्यायचे ते नेमके घ्यावे. दवाखाना, शाळा, बायकांचे कष्ट हलके करणारी यंत्रे जरूर घ्यावीत. पण कमाईसाठी तरुणाला गाव सोडावे लागू नये. याचा धडा तर आपल्या शेजारीच आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. बांबू विकून तिथल्या ग्रामसभेने गावातच रोजगार उभा केला.

शेतकरी बंधुभगिनींनो, पुढच्या ग्रामसभेत रस्ता-नालीच्या जोडीला दोन प्रश्न जरूर विचारा. आजारी माणसाला उपचार किती अंतरावर मिळतात? आणि वाघाच्या वाटेवर न जाता मिळकत देणारे कोणते काम गावात सुरू करता येईल? यांची उत्तरे मिळाली, तर आयुष्यही वाढेल आणि घराला कुलूपही लागणार नाही.